पाठीवरचा डबा

लहानपणी मला विहिरीत पोहायला शिकवलं ते पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून. डबा बुडत नसे, म्हणून मीही बुडत नसे. शिकवणाऱ्या काकांचा सिद्धांत सोपा होता : बुडणं हा माणसाचा स्वभावधर्म आहे, त्याला वर ठेवायची जबाबदारी डब्याची. पुढे पन्नासपंचावन्न वर्षांनी गोव्याच्या समुद्रात एका पोरसवदा तरुणाने माझ्या पाठीला पुन्हा एकदा डबा बांधला. हा डबा धातूचा, जाडजूड, आत हवा ठासून भरलेली, आणि त्याचा हेतू बरोबर उलटा. मी खाली जावं आणि काही वेळ खालीच राहावं, एवढ्यासाठी तो होता. आयुष्यात प्रगती म्हणतात ती हीच असावी.

आता हा माणूस गोव्याच्या समुद्राच्या तळाशी काय करत होता, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आमच्या कॉलनीत तो सगळ्यांनाच पडला होता. कारण मी औरंगाबादचा. म्हणजे 2023 सालापासून छत्रपती संभाजीनगरचा. पण माझा जन्मदाखला, पदवी आणि लग्नपत्रिका तिन्हींवर औरंगाबाद छापलेलं आहे, आणि या वयात तिन्ही पुन्हा काढण्याची उमेद नाही. गाव कुठल्याही नावाने घ्या, समुद्र तिथून सव्वातीनशे किलोमीटर लांबच राहतो. आमच्याकडे पाणी म्हटलं की डोळ्यांपुढे समुद्र येत नाही, टाकी येते. कित्येक वर्षं आमच्या गल्लीत नळाला चारपाच दिवसांआड पाणी येई. पाहुण्याला आम्ही चहा दिला की उदारपणे दिलेला असे, आणि पाणी दिलं की त्याच्यावर आमचं खरं प्रेम आहे असं समजायचं. अशा गावच्या माणसाने पैसे मोजून पाण्यात बुडावं हे आमच्या शेजारच्या अण्णांना पटणं शक्यच नव्हतं.

"सर, म्हणं तुम्ही समुद्रात बुडायला चाललाव?"

"बुडायला नाही अण्णा, बुडालेलं जहाज बघायला."

"मग तेच की. जहाज खाली हाय म्हणल्यावर तुम्ही वरून कसं बघणार?"

अण्णांच्या तर्कशास्त्रापुढे मी नेहमीच गप्प बसतो.

खरं कारण अण्णांना सांगण्यासारखं नव्हतं. मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. प्राचीन व्यापारी मार्ग हा धडा मी निदान चौतीस वेळा शिकवला असेन. नकाशावर पैठणवर खडू टेकवायचा आणि बाण काढत भडोचपर्यंत न्यायचा. 'पेरिप्लस' नावाच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, पहिल्या शतकातल्या, लिहिलं आहे की भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर जाई. बंदरापासून पुढे मी समुद्रात निळा खडू चालवून बाण थेट रोमपर्यंत नेत असे. निळा खडू नसला तर पांढऱ्याने. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. हा मुलगा हात वर करतो ते सहसा बाहेर जायची परवानगी मागायला. त्या दिवशी त्याने विचारलं, "सर, एखादं जहाज मधीच बुडालं तर त्याच्यातल्या माणसांचं काय व्हायचं?"

मी म्हणालो, "ते परीक्षेला येत नाही. बस खाली."

उत्तर बरोबर होतं. खरंच परीक्षेला येत नव्हतं. पण निवृत्तीनंतर दुपारी झोप लागेनाशी झाली की असली बरोबर उत्तरं माणसाला छळायला लागतात.

त्यात मुलाने माझ्या साठीनिमित्त आम्हा दोघांची गोव्याची सहल ठरवली आणि तिच्या कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीत छापलं होतं : ग्रांदे बेट, स्कूबा डायव्हिंग (ऐच्छिक). हिने 'ऐच्छिक' या शब्दावर बोट ठेवलं. मी त्याच्या आधीच्या शब्दावर.

"अहो, काही गरज आहे का?" ही म्हणाली.

हिचं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे आमच्या घरात समुद्र या विषयावर बोलायचा अधिकार तिचा. एरवी मी मराठवाड्याचा म्हणून समुद्रावरून ती माझी थट्टा करते. पापलेट आणि सरंगा एकच, हे मला लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं, याची गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते. पण त्या दिवशी ती थट्टेवर आली नाही. ती एवढंच म्हणाली, "आमच्या आजीचा भाऊ 'रामदास'वर होता."

हे मला माहीत होतं, आणि तरी माहीत नव्हतं. 'रामदास' बोट 17 जुलै 1947 ला, गटारीच्या दिवशी सकाळी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. सणाला घरी निघालेली माणसं होती ती. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. पुढच्या महिन्याच्या गडबडीत ही बातमी देशाने बाजूला ठेवली, कुलाबा जिल्ह्याने मात्र ठेवली नाही. हिच्या आजीचा भाऊ गिरणीत होता. त्याची छत्री मुंबईच्या खोलीवर राहून गेली होती, ती नंतर कोणीतरी घरी आणून दिली. आजीने ती खुंटीला लावली. कितीही पाऊस असला तरी ती छत्री कधी कोणी उघडली नाही, असं ही सांगते. मी इतिहास शिकवत होतो आणि इतिहास माझ्या सासुरवाडीच्या खुंटीला टांगलेला होता.

तरीही मी गेलो. नवरे जातातच.

जाण्यापूर्वी अभ्यास करायचा ही मास्तरकीची खोड. तेव्हा कळलं की बुडालेली जहाजं शोधण्याचं शास्त्रही आपल्याकडे आहे आणि त्याचं एक माहेर गोव्यातच आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू झालं ते 1980 च्या दशकाच्या आरंभी, डॉ. एस. आर. राव यांच्यामुळे. लोथल उकरून काढणारे तेच हे राव. जमिनीवरची उत्खननं संपवून माणसं घरी बसतात, हे पाण्याखाली द्वारका शोधायला निघाले. पुढे याच संस्थेच्या लोकांनी गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या खडकांत बुडालेल्या जहाजांचे अवशेष शोधले. एक सुंची खडकाजवळ. तिथे सापडल्या लोखंडी तोफा, नांगर, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, काचेच्या बाटल्यांची बुडं, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि मर्तबान. हे शेवटचं वाचून मी वाचता वाचता थांबलो. आमच्या औरंगाबादेत जुन्या घरांत लोणच्याच्या बरणीला अजून मर्तबान म्हणतात. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराचं नाव त्या बरण्यांना मिळालं, आणि ते नाव जहाजात बसून, किनाऱ्याला लागून, घाट चढून आमच्या फडताळात येऊन बसलं. आजवर मला वाटायचं की हा शब्द आमच्या मोहल्ल्यातल्या खालाजाननेच काढला असावा.

सुंचीचं हे जहाज सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, पोर्तुगीजांचं असावं, असा संशोधकांचा निष्कर्ष. हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात म्हणजे माल आफ्रिकेचा. आफ्रिकेहून एवढा समुद्र ओलांडून आलं आणि गोव्याचा किनारा दिसत असताना बुडालं. आमच्याकडे म्हणतात तसं, सगळं शेत नांगरलं आणि बांधाला फाळ मोडला.

दुसरे अवशेष मिळाले ते सेंट जॉर्ज खडकाजवळ, आणि त्यांनी माझी फार करमणूक केली. बुडालेलं जहाज म्हटलं की आपल्याला सोन्याच्या मोहरांनी भरलेला पेटारा दिसतो. या जहाजातून काय निघालं असेल? कौलं! मंगळुरी कौलं, कोन्याची कौलं, फरश्या, मातीचे नळ, धुराड्याच्या विटा आणि नक्षीदार खांबांचे माथे. विटाकौलांवर छाप : बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. स्वित्झर्लंडच्या मिशनऱ्यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला त्याचं हे साल. सारा माल कोणाच्या तरी बंगल्यासाठी चालला असणार. मी त्या गृहस्थांचा फार विचार केला. घर बांधायला काढलेल्या माणसाला मी ओळखतो. मी स्वतः एक घर बांधलं आहे. भिंती उभ्या आहेत, गवंडी हात चोळत बसला आहे, पावसाळा तोंडावर आला आहे, आणि कौलांचा पत्ता नाही. "आज येतील, उद्या येतील," असं व्यापारी सांगतो आहे. आमच्या वेळी व्यापारी सांगत होता की ट्रक नगरच्या घाटात अडकला. त्या गृहस्थाला सांगितलं असेल की गलबत बुडालं. त्याचा विश्वास बसला नसेल. शेकडो मैलांवर बसून मला मात्र आज पुरावा मिळाला : व्यापारी खरं बोलत होता.

ही सगळी कात्रणं मी हिला वाचून दाखवली. कौलांपर्यंत ती हसली. हस्तिदंतापाशी म्हणाली, "आणि माणसं?"

"कुठली माणसं?"

"जहाजावर असतील ना."

मी पुन्हा यादी वाचली. तोफा होत्या, दात होते, बाटल्या होत्या. माणूस नव्हता. मागच्या बाकावरचा तो मुलगा आणि आमची ही यांनी आपसात ठरवून मला घेरलं होतं की काय कोण जाणे.

मग मला जे आठवलं ते खरं तर आधीच आठवायला हवं होतं. आमचं शहर ज्याने 1610 मध्ये वसवलं, तेव्हाचं खडकी, तो मलिक अंबर हाही आफ्रिकेचाच माल होता. हा शब्द माझा नाही, त्या काळच्या बाजाराचा आहे. हबसाणात जन्मलेलं पोर, चापू त्याचं नाव. लहानपणी विकलं गेलं, अरबस्तानात मोख्याच्या बाजारात, पुढे बगदादला, पुन्हा पुन्हा, आणि शेवटी समुद्र ओलांडून दख्खनेत. निजामशाहीच्या ज्या पेशव्याने त्याला विकत घेतलं तो चंगीजखान स्वतःही हबशीच. अंबर हे नाव धन्याने ठेवलेलं. अंबर म्हणजे देवमाशाच्या पोटातून निघून समुद्रावर तरंगत येणारं सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी अत्तराची, रत्नांची नावं ठेवायची रीत होती. समुद्राने आणून टाकलेली मौल्यवान वस्तू! पुढे याच वस्तूने दिल्लीच्या मोगलांना पंचवीस वर्षं दख्खनेत दम खाऊ दिला नाही, आणि कोरड्या खडकीला डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणून दिलं. नहर-ए-अंबरी ती हीच. 1626 साली तो वारला. कबर खुलताबादला आहे, वेरूळला जाताना बहुतेक लोक तिच्या जवळून न थांबता जातात. त्याच्या नहरीचं पाणी शतकानुशतकं वाहत राहिलं. आमच्या गल्लीतल्या नळाविषयी मी इथे काही बोलत नाही.

म्हणजे सुंचीचं ते हस्तिदंताचं जहाज बुडालं त्याच्याच आगेमागे, त्याच समुद्रावरून, तसल्याच जहाजांतून ही पोरंही येत होती. दातांची यादी झाली. अंबर एक, जो तरला आणि ज्याने शहर वसवलं. त्याच्या आजूबाजूला बसलेल्यांपैकी जे मध्येच गेले त्यांच्यावर कोणी छाप मारून ठेवला नव्हता, कौलांसारखा.

असो. गोव्याला आलो.

सकाळी सातला धक्क्यावर हजर. आधी एक फॉर्म भरायचा होता. दमा आहे का, फिट्स येतात का, कान फुटतो का, हृदयविकार आहे का. इतके प्रश्न लग्नाच्या वेळी हिच्या वडिलांनीही विचारले नव्हते. डॉक्टरांचा दाखला मी औरंगाबादहूनच आणला होता. तो देताना आमचे डॉक्टर म्हणाले होते, "रक्तदाब ठीक आहे, वजन कमी करा." आणि इथे त्या तरुणाने माझ्या कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा बांधून वजन वाढवलं. त्याशिवाय मी बुडणार नाही म्हणे. "अंकल, तुमचं पोट तरंगतंय," तो अत्यंत आदराने म्हणाला.

रबरी पोशाखात मला घालताना दोघांना लागावं लागलं. जुन्या काळी प्रवासाला निघताना होल्डॉलमध्ये गादी भरत, त्याची आठवण झाली. फरक एवढाच की इथे गादी मी होतो. मग तोंडात नळी धरायची वेळ आली आणि मला एक गुपित उघड करावं लागलं. माझे पुढचे दोन दात काढघाल करायचे आहेत. तो म्हणाला, "काढून ठेवा अंकल, खाली पडले तर मिळायचे नाहीत." मी ते रुमालात गुंडाळून हिच्या स्वाधीन केले. सुंचीला पाणघोड्याचे दात सापडले होते. पुढच्या शतकातल्या संशोधकांचा गोंधळ उडवण्याची माझी इच्छा नव्हती.

बोटीवर त्याने आम्हाला शिकवणी दिली. चांगला मास्तर होता तो, थोडक्यात आणि तीनतीनदा सांगायचा. पहिला नियम, श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. तिथे भरलेला श्वास घट्ट धरून माणूस वर आला तर हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. दुसरा, थोडं थोडं खाली जाताना नाक चिमटीत धरून हवा कानात फुंकायची, नाहीतर कान ठणकतो. तिसरा, एकट्याने जायचं नाही. जोडीदार हाताच्या अंतरावर पाहिजे. ही तोंडात धरायची यंत्रणा, श्वास ओढला की लागेल तेवढीच हवा सोडणारी, 1943 साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी सिद्ध केली, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो काय? बरं अंकल, आता खुणा बघा." तर्जनी आणि अंगठा जोडून वाटोळं केलं की सगळं ठीक. तळवा आडवा हलवला की गडबड आहे. अंगठा वर म्हणजे, आणि इथे माझं लक्ष नव्हतं. कारण मी जोडीदाराच्या नियमाचा विचार करत होतो.

गोव्याचंच पाणी होतं ना ते. आज ज्यांचं नाव आमच्या शहराला आहे ते संभाजीराजे 1683 च्या नोव्हेंबरात याच गोव्यावर चालून आले होते. जुवे बेट मराठ्यांनी घेतलं. ते परत घ्यायला आलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय मार खाऊन परतला आणि गोव्यात त्याने सेंट झेवियरची शवपेटी उघडवून तिच्यापाशी आपला राजदंड ठेवून साकडं घातलं. पाठलागात राजांनी भरतीच्या पाण्यात घोडा घातला, घोडा वाहवू लागला आणि खंडो बल्लाळाने उडी घालून त्यांना वाचवलं, अशी हकीकत आपल्याकडे परंपरेने सांगतात. जोडीदार हाताच्या अंतरावर पाहिजे! खंडो बल्लाळाच्या पाठीवर तर डबाही नव्हता. हे मी त्या तरुणाला सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात त्याने त्यात नळी घातली. वर्गात गप्पा मारणाऱ्या मुलांवर हा उपाय मला चौतीस वर्षांत सुचला नाही.

ग्रांदे बेटाच्या आसपास पाणी फार स्वच्छ असतं असं नाही. पावसाळ्यात तर हा धंदाच बंद असतो. आम्ही गेलो ते हिवाळ्यात, तेव्हाही चारपाच मीटरपलीकडचं हिरवट धुक्यात गेलेलं. हौशी लोकांना तिथे एक बुडालेलं लोखंडी जहाज दाखवतात. 'सुझीज रेक' म्हणून ते डायव्हरांत प्रसिद्ध आहे. सुंचीच्या तोफा माझ्या नशिबात नव्हत्या. नवशिक्याला जे दाखवतात ते बघायला मी निघालो होतो. बोटीच्या काठावर पाठमोरा बसलो. हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. दोन्ही हातांनी तो रुमाल घट्ट धरून ती पाण्याकडे पाहत होती.

मग मी मागे कोसळलो.

पहिली दोन मिनिटं मी फक्त माझा श्वास ऐकला. आत, बाहेर, आत, बाहेर. आयुष्यात इतकी वर्षं हे काम आपण फुकट आणि न बघता केलं, याचं आश्चर्य वाटलं. कान ठणकला, फुंकला, सुटला. त्या तरुणाने माझ्या डब्याची मान पकडली होती, मांजरी पिलाला उचलते तशी. पाण्यात वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात. एक मासा माझ्याकडे इतक्या आस्थेने बघत आला की हा आमच्या नात्यातला असावा असं वाटलं. लाल रंग मात्र नाहीसा झाला. माझ्या मनगटावरचा देवळातला लाल धागा मातकट, जवळजवळ काळा दिसायला लागला.

आणि मग खालून ते वर आलं. म्हणजे मी खाली गेलो, पण वाटलं तसं. आधी वाटलं खडक आहे. मग खडकाला सरळ कड आली. समुद्रात सरळ काही नसतं, हे त्या क्षणी कळलं. सरळ रेघ दिसली की ती माणसाची. लोखंडाच्या फासळ्या, वाकलेले पत्रे, सगळ्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर, आणि त्यातून माशांची ये-जा चाललेली, एखाद्या जुन्या वाड्यात भाडेकरूंची असते तशी. मी एका पत्र्यापाशी हात नेला, लावला नाही. लावायचा नाही असं सांगितलं होतं. पत्र्याच्या कडेला ओळीने वाटोळे उंचवटे होते. रिव्हेट असणार. एकेक कोणीतरी ठोकलेला. तेवढ्याच त्या ओळीने मला एकदम दोन माणसं दिसली, एक आतून धरणारा आणि एक बाहेरून घाव घालणारा. फळ्यावर चौतीस वर्षं बाण काढले, त्या बाणावर कधी कोणी माणूस बसलेला मला दिसला नव्हता.

मला फार काहीतरी वाटलं. ते त्या तरुणाला सांगावंसं वाटलं. तोंडात नळी. तेव्हा मी माझ्या परीने, उत्कृष्ट, बहोत खूब, असं सांगण्यासाठी त्याच्यासमोर अंगठा वर केला.

त्याने डोळे बारीक करून विचारलं : नक्की? मी जोरात, दोन्ही हातांचे अंगठे वर केले.

त्याने माझी मान धरली आणि मला वर नेलं.

अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या', हे बोटीवर पुन्हा एकदा, चौथ्यांदा, सांगण्यात आलं. चौतीस वर्षं मुलांना "लक्ष कुठे आहे?" म्हणून ओरडलेला मी बोटीत पाणी निथळत उभा होतो आणि एक पंचविशीतला मुलगा मला तेच विचारत होता. पुन्हा खाली न्यायला वेळ नव्हता, रांगेत दुसरे होते. समुद्राच्या तळाशी मी एकूण किती मिनिटं होतो ते मी अण्णांना सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगत नाही.

हिने रुमाल माझ्या हातात दिला. त्यातल्या दोन दातांचे ठसे तिच्या तळव्यावर उमटले होते.

घरी परतल्यावर महिनाभराने आम्ही दोघं औरंगाबादच्या लेण्यांवर गेलो. अजिंठावेरूळ नव्हे; आमच्या गावची म्हणून आहेत ती, बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात. तिथे जाणारे लोक कमी; गावातलेही बरेचजण 'उद्या जाऊ' म्हणून निवृत्त होतात. सातव्या लेण्यात, आतल्या दाराच्या डाव्या हाताला, अवलोकितेश्वराची मोठी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरली आहेत : आग, चोर, बेड्या, हत्ती, सिंह, साप अशी, आणि त्यांतलं एक, जहाज बुडण्याचं. सहाव्या शतकातलं काम. हे मी पूर्वी मुलांना सहलीत दाखवलंही होतं, "आठ संकटं, चला पुढे," असं. त्या दिवशी पहिल्यांदा थांबून विचार आला, या डोंगरात छिन्नी चालवणाऱ्या माणसाने समुद्र कुठे बघितला असेल? पण ज्या व्यापाऱ्यांच्या पैशावर अशी लेणी कोरली जात त्यांनी बघितला असणार. गाड्यांतून अकीक आणि कापड घेऊन खाली उतरणारे, आणि परत न आलेल्यांची बातमी घेऊन वर येणारे. अजिंठ्याला सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा रंगवली आहे तीही जहाज फुटलेल्या व्यापाऱ्यांचीच. समुद्रापासून इतक्या लांब आमच्या जिल्ह्यात दोन ठिकाणी माणसं जहाज फुटण्याच्या गोष्टी भिंतीवर काढून बसली होती, आणि मी सांगत होतो परीक्षेला येत नाही.

"म्हणजे," ही म्हणाली, "बुडणारं जहाज इथे रिक्षाने येण्याच्या अंतरावर होतं?"

"हो."

"आणि तुम्ही गोव्याला जाऊन दात काढलेत."

मी खाली बघितलं. ती मात्र दगडातल्या त्या नावेकडे बराच वेळ बघत उभी राहिली. नावेतली ती इवलीशी माणसं. मग तिने विचारलं, "ही वाचली का हो?"

"ही वाचली. हाक मारली की तो येतो, असंच दाखवायचंय त्याला."

"बरं झालं," ती म्हणाली. थोडा वेळ थांबून तिने पिशवीतून छत्री काढली. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. पायऱ्या निसरड्या झाल्या असतील म्हणून माझा दंड धरला आणि म्हणाली, "चला आता लवकर. साडेपाचला आपल्याकडे पाणी येणार आहे."